गाडी नवी की जुनी? – एक आत्मपरीक्षण



रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या आवारात कधीकधी एखादी नवी गाडी उभी दिसते. बॉनेटवर झेंडूचा हार, आरशाला रोझरी आणि सीटवरचे प्लास्टिक अजून तसेच. फादर येतात, प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात. घरातली वडीलधारी माणसे क्रूसाची खूण करतात, मुले हॉर्न वाजवतात, पेढे वाटले जातात. आपण सारे त्या कुटुंबाच्या आनंदात सहभागी होतो आणि ते योग्यच आहे.

आम्हा नवरा-बायकोलाही गाडी घ्यायची होती. त्या निमित्ताने काही आठवडे आमच्या घरात जी चर्चा झाली, जे हिशेब झाले आणि जी एक चूक आमच्या हातून होता होता राहिली, ते सर्व आपल्यापुढे मांडावे असे वाटले. प्रश्न तसा साधा होता: सवलत मिळते आहे तर नवी गाडी घ्यावी की कोणीतरी वापरलेली जुनी घ्यावी? पण या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरे प्रश्न निघाले आणि ते पैशांचे नव्हते.

गरज आणि सवलत

आमची जुनी गाडी २०१२ सालची. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार जलमय झाले तेव्हा ती रात्रभर पाण्यात उभी होती. दुरुस्ती केली, गाडी सुरू झाली. पण तेव्हापासून तिला एक खोड लागली. जोराचा पाऊस आला, की कधीकधी वायरिंगमध्ये काहीतरी होऊन ती चालता चालता बंद पडे. उन्हाळ्यात मात्र तिच्यासारखी गुणी गाडी नाही!

बाबांचे डायलिसिस सुरू झाले आणि आठवड्यातून दोनदा त्यांना नेण्या-आणण्याची वेळ आली. एकदा पावसात, पुलाच्या चढावर, बाबा मागे बसलेले असताना गाडी बंद पडली. मागून ट्रक येत होता. देवाच्या कृपेने काही झाले नाही. त्याच रात्री आम्ही ठरवले, की आता गाडी बदलायची. तेव्हा गरज खरी होती, हे आधी सांगायला हवे.

डिसेंबर महिना होता. आगमनकाळ सुरू होता आणि शोरूमच्या जाहिरातीही. वर्षअखेरीला गाड्यांवर सवलत असते, त्याचे कारण आता आम्हाला कळले आहे. जानेवारी उजाडला, की डिसेंबरात बनलेली गाडी कागदोपत्री मागल्या सालची होते आणि पुढे विकताना तिची किंमत सालावरून ठरते. म्हणून विक्रेत्याला ती ३१ तारखेच्या आत काढून टाकायची घाई असते. यात फसवणूक नाही. मात्र ती घाई त्याची असते. आपण ती आपली समजून घरी घेऊन येतो.

शोरूममधल्या मुलाने अगदी आदराने कागदावर मांडून दिले. रोख सवलत, जुनी गाडी दिल्यास जादा बोनस, नोकरीच्या ठिकाणची सवलत, असे सारे मिळून ४५ हजारांचा फायदा. सवलत वजा जाता गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७ लाख ९० हजार. आमची शिल्लक १ लाख १० हजार, जुन्या गाडीचे ८० हजार धरले, तर कर्ज ६ लाखांचे. "सात वर्षांचे करू या, हप्ता जाणवणारसुद्धा नाही," असे तो म्हणाला.

घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेतली. सहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,४५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ९,६५० रुपये, पण व्याज सुमारे २ लाख ११ हजार. म्हणजे हप्ता हलका करण्याच्या नावाखाली आम्ही ६४ हजार जास्त देणार होतो आणि सवलत होती ४५ हजारांची. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाणार होते, वर थोडे आणखी घेऊन.

दुसरी गोष्ट गाडीच्या उतरत्या किमतीची. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो तक्ता वापरतात, त्यात सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के, तीन वर्षांनंतर ४० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के घट धरली जाते. सात वर्षांचे कर्ज फिटायच्या कितीतरी आधी गाडी निम्म्या किमतीची झालेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या, हे खरे. पण नव्या गाड्या स्वस्त झाल्या, की जुन्यांच्या किमतीही खाली येतात.

तरीही आम्ही नव्या गाडीकडेच झुकत होतो. का? प्रामाणिकपणे सांगतो. गल्लीत दोन घरी नव्या गाड्या आल्या होत्या. लग्नाला जाताना, सणाला पाहुणे येताना आपल्याही दारात नवी गाडी असावी असे वाटत होते. आपल्या वाडवडिलांनी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे सांगितले. सवलतीची जाहिरात आपल्या कानात सांगते, की पाय पसर, अंथरूण आज स्वस्त आहे.

हिशेबात न आलेली रक्कम

लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तो माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो की नाही? प्रभू हे बोलला ते शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी. पण त्यातली 'आधी बसा' ही सूचना संसारी माणसालाही लागू पडते.

आम्ही बसलो तेव्हा एक रक्कम कागदावर नव्हती, ती आठवली. आमची एक भाची नर्सिंगला आहे. तिचे वडील गेल्यावर, शिक्षण पुरे होईपर्यंत महिन्याला ३ हजार रुपये द्यायचे आम्ही कबूल केले होते. ९,६५० रुपयांचा हप्ता सुरू झाला असता, तर बाबांचे औषधपाणी आणि घरखर्च भागवून ते ३ हजार उरले नसते. शोरूमच्या कागदावर भाचीची फी असण्याचे कारण नव्हते. ती आमच्या कागदावर असायला हवी होती आणि आम्ही तीन दिवस ती विसरलो होतो. विसरलो होतो की विसरायचे होते, हे आमचे आम्हालाच नीट सांगता येत नाही.

सवलत आपल्याला विचारते, 'किती वाचले?' श्रद्धा विचारते, 'ते कोणाच्या वाट्याचे वाचले?' वाचवलेल्या पैशापायी दिलेला शब्द मोडत असेल, तर त्याला बचत म्हणता येणार नाही.

आमची चूक

आता जे सांगायला जड जाते ते सांगतो.

आम्ही गाडी काढणार हे कळल्यावर शेजारचा एक तरुण संध्याकाळी घरी आला. नवे लग्न झालेले, बायको गरोदर. दवाखान्यात नेण्यासाठी, पुढे बाळासाठी त्याला एक छोटी गाडी हवी होती. त्याने आमच्या गाडीचे १ लाख ३० हजार देऊ केले. शोरूमपेक्षा ५० हजार जास्त! त्याने विचारले, "अंकल, गाडी कशी आहे? काही प्रॉब्लेम?"

आम्ही म्हणालो, "चालवून बघ ना." त्याने चालवली. डिसेंबरातल्या कोरड्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. तो खूश झाला. आम्ही चहा पाजला. पुराविषयी आम्ही बोललो नाही. खोटेही बोललो नाही. त्याने पुराविषयी विचारले नव्हते, असे आम्ही मनाशी म्हणालो. व्यवहार म्हटला, की घेणाऱ्याने बघून घ्यायचे, असेही म्हणालो.

त्या रात्री जेवताना बाबांनी एवढेच विचारले, "ज्या गाडीत मला बसवायला तुम्हाला भीती वाटते, त्या गाडीत तुम्ही त्या पोरीला बसवणार?"

घास हातात तसाच राहिला. दोघांनाही उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर आम्ही त्याला गाठले आणि सर्व सांगितले. २०१८ चा पूर, रात्रभराचे पाणी, वायरिंग, पुलावरचा प्रसंग. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काल का नाही सांगितलंत, अंकल?" त्या प्रश्नालाही आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने गाडी घेतली नाही.

आपली परंपरा काय सांगते

जुन्या वस्तूच्या विक्रीत खरे किती बोलायचे, हा प्रश्न आजचा नाही. आपले आजोबा-पणजोबा बैलबाजारात जात. बैलाचे दात मोजून त्याचे वय ठरवीत, दोन दाती की चार दाती हे पाहत, उपरण्याखाली बोटे धरून भाव करीत. दात तोंडात होते, ते कोणालाही दिसत. पण बैल मारका आहे की औताला जुंपल्यावर मध्येच बसतो, हे दातांवरून कळत नसे. ते विकणाऱ्यालाच ठाऊक असे.

नेमक्या याच मुद्द्यावर तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात विचार केला आहे. त्यांचे उदाहरण घोड्याचे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते घेणाऱ्याला समोर दिसते. तो दोष तोंडाने सांगितलाच पाहिजे असे नाही, मात्र किंमत त्या मानाने कमी घेतली पाहिजे. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका होणार असेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याने विचारले नाही, ही सबब तिथे चालत नाही. घोड्याच्या जागी गाडी घातली, की आमचा डिसेंबरातला तो चहा आठवतो.

थॉमस घेणाऱ्यालाही सोडत नाहीत. विकणाऱ्याच्या अज्ञानामुळे सोने पितळेच्या भावात मिळाले, तर कळल्यावर घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे, असे ते म्हणतात. जुनी गाडी घेताना आपण काय करतो? विधवा बाईने नवऱ्याची गाडी काढली, की तिला भाव ठाऊक नाही हे हेरून पाडून मागतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकात (२०:१४) अशा गिऱ्हाइकाचे चित्र आहे. घेताना तो वस्तू वाईट आहे, वाईट आहे म्हणत राहतो आणि बाहेर पडल्यावर आपण कसा सौदा मारला याची बढाई मारतो. लेवीय (२५:१४) मध्ये तर विकणारा आणि घेणारा दोघांनाही एकाच दमात बजावले आहे, की एकमेकांना लुबाडू नका. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथही (परिच्छेद २४०९) व्यापारातली लबाडी आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे, या गोष्टी सातव्या आज्ञेच्या विरुद्ध मोजतो. म्हणजे 'चोरी करू नको' यात खिसा कापणेच येते असे नाही. गप्प बसणेही येऊ शकते.

शेवटी आम्ही काय केले

आमची जुनी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने ६० हजारांना घेतली. त्याला तिची सारी दुखणी माहीत होती. वायरिंग पूर्ण बदलून आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुराचे सांगूनच विकेन, असे त्याने कबूल केले आहे. तो शब्द पाळणे आता त्याच्याकडे. आमच्याकडून आम्ही २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरटीओत नावबदल पुरा करून घेतला. पुष्कळ जण हे टाळतात. पण नोंद आपल्या नावावर असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते, शिवाय ज्याला इजा झाली त्याची फरफट होते ती वेगळीच.

मग आम्ही एक चार वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली लहान गाडी ३ लाख ७० हजारांना घेतली. २ लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त असते, आम्हाला १२ टक्के पडले. हप्ता सुमारे ६,६५० रुपये, एकूण व्याज सुमारे ३९ हजार. नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा महिन्याला बरोबर ३ हजार कमी. ते कोणाचे, हे सांगायला नको.

यात एक गोष्ट घडली, ती मनाला लागून राहिली. गाडी पाहायला जायच्या आदल्या दिवशी तोच शेजारचा तरुण घरी आला. म्हणाला, "अंकल, एकटे जाऊ नका. माझा मेकॅनिक पाठवतो." त्या मेकॅनिकने गाडीचा गालिचा उचलून खाली चिखल आहे का पाहिले, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याचा डाग आहे का पाहिले, सीटखालच्या लोखंडाला गंज आहे का पाहिले. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या ओळखायला आपण हे शिकलो, असे त्याने सांगितले. आम्ही ज्या मुलापासून पूर लपवला होता, त्याचाच माणूस आमच्यासाठी पूर शोधत होता.

जुने तेच पवित्र, असे नाही

यावरून कोणी असे समजू नये, की नवी गाडी घेणे पाप आणि जुनी घेणे पुण्य. ज्याला रोज साठ-सत्तर किलोमीटर जावे लागते, ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच गाडीवर आहे, ज्याच्या घरात गाडीची पारख असलेले कोणी नाही, त्याला वॉरंटी असलेली नवी गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल. नव्या गाड्यांत सुरक्षेच्या सोयी जास्त असतात, धूरही कमी. भाजीचा टेम्पो पहाटे वेळेवर बाजारात पोचलाच पाहिजे, तिथे जुन्या इंजिनाच्या भरवशावर राहून चालणार नाही. उलट, जुन्याचाही अहंकार असतो. 'आम्ही बघा कसे साधे' असे मिरवणे हेही मिरवणेच.

पोप फ्रान्सिस यांनी ६ जुलै २०१३ रोजी भावी धर्मगुरू आणि नवदीक्षित व्रतस्थांना याविषयी सांगितले होते. कामासाठी गाडी लागते, हे त्यांनी मान्य केले. मात्र अगदी नव्या मॉडेलच्या गाडीतला धर्मगुरू किंवा सिस्टर पाहून आपल्याला वाईट वाटते, साधी गाडी निवडा आणि उपासमारीने मरणाऱ्या मुलांची आठवण ठेवा, असे ते म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीतील एका धर्मगुरूंनी त्यांना आपली सुमारे तीन लाख किलोमीटर धावलेली जुनी रेनो-४ गाडी भेट दिली आणि त्यांनी ती आनंदाने स्वीकारली.

आपल्या मुंबईतली गोष्ट तर जुन्या लोकांना आठवत असेल. डिसेंबर १९६४ मध्ये जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप पॉल सहावे मुंबईला आले होते. त्यांच्यासाठी अमेरिकेतून भेट आलेली पांढरी लिंकन गाडी त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली. मदर त्या गाडीत कधी फिरल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि तो पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीच्या कामी आणला. एकच गाडी, पण तिच्याकडे पाहताना मदरना कोण आठवले ते पाहा.

घरी बसून विचारायचे प्रश्न

आपल्यापैकी कोणी गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर शोरूमला किंवा दलालाकडे जाण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून हे प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी आमची विनंती आहे.

१. सवलत नसती, तरी ही गाडी आपण घेतली असती का?

२. गल्लीत कोणाकडेच नवी गाडी नसती, तरी नवीच हवी असती का?

३. हप्ता सुरू झाल्यावर कोणाला दिलेला शब्द मागे पडणार आहे? आईवडिलांचा, बहीण-भावाचा की कामवाल्या बाईच्या पगारवाढीचा?

४. आपली जुनी गाडी ज्याला देणार, त्याच्या जागी आपण असतो, तर आपल्याला काय समजायला हवे होते?

५. ज्याच्याकडून घेणार, त्याची अडचण पाहून आपण भाव पाडतो आहोत का?

ही उत्तरे प्रत्येक घरात वेगळी येतील. एका घरात नवी गाडी येईल, दुसऱ्यात जुनी, तिसऱ्यात कदाचित ठरेल की अजून दोन वर्षे रिक्षानेच जाऊ. तिन्ही निर्णय प्रभूला आवडणारे असू शकतात.

आमची गाडी घेऊन आम्ही एका रविवारी चर्चच्या आवारात उभे राहिलो. जुन्या गाडीला काय आशीर्वाद मागायचा, या विचाराने आधी जरा संकोच वाटला. हार घातला नव्हता, पेढेही नव्हते. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडले. बाबा पुढच्या सीटवर बसले होते, त्यांच्याही अंगावर थोडे उडाले. शेजारचा तो तरुण आपल्या बायकोला घेऊन बाजूला उभा होता. तेव्हा मनात आले, की गाडी घेताना झालेले सगळे बोलणे आणि सगळे कागद आज वेदीवर ठेवायला सांगितले असते, तर त्यातला एकही आम्हाला लपवावा लागला नसता. तसे व्हायला फक्त एक रात्र उशीर झाला होता.

आपल्या घरातला प्रत्येक व्यवहार असा उघडा ठेवता येण्याची बुद्धी प्रभू येशू आपणा सर्वांना देवो.